भारताची ऑलिंपिक पदकं ४१, ३९ की ३६? भिंतीवरच्या तक्त्यासाठी मदत हवी

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या दालनात लावण्यासाठी सहा फूट बाय चार फुटांचा एक तक्ता करायचा आहे: भारत आणि ऑलिंपिक, १९०० ते २०२४. छापायला देण्याआधी बेरीज करून पाहिली आणि तिथेच घोडं अडलं. एका पुस्तकात ४१ पदकं आहेत, एका वर्तमानपत्री पुरवणीत ३९, आणि स्पर्धा परीक्षांच्या एका टिपणवहीत ‘स्वतंत्र भारताची ३६’. तिन्ही ठिकाणी पॅरिस २०२४ धरलेलं आहे, म्हणजे जुनी-नवी आवृत्ती असा फरक नाही.

विचारायचं ते असं:
१) यातला कोणता आकडा छापावा?
२) तक्त्यात कोणते रकाने असावेत, म्हणजे पुन्हा असा घोळ होणार नाही?
३) आशियाई, राष्ट्रकुल आणि पॅरालिंपिक पदकं याच तक्त्यात घ्यावीत का?
४) महाराष्ट्रातल्या खेळाडूंसाठी खाली एक पट्टी ठेवायची आहे. तिथे कोणती नावं चुकवू नयेत?

---

ताळेबंद

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिघांनी मोजणी वेगवेगळ्या ठिकाणी सुरू केली आहे.

४१ = १० सुवर्ण, १० रौप्य, २१ कांस्य. ही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मोजणी. यात १९०० सालची नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदकं आहेत.
३९ = १०, ८, २१. प्रिचर्ड वगळून.
३६ = ७, ८, २१. १९२८, १९३२ आणि १९३६ ची हॉकीची तीन सुवर्णपदकंही वगळून, म्हणजे १९४८ पासून पुढे.

माझं मत विचाराल तर मोठ्या अक्षरात ४१ छापा आणि त्याच्या खालीच एका ओळीत ३९ आणि ३६ कसे येतात ते सांगा. नुसता आकडा भिंतीवर लावला की आठवड्याभरात कोणी तरी ‘हे चूक आहे’ म्हणत येणार, आणि त्याच्या हातात दुसरं बरोबर पुस्तक असणार.

आता रकाने. बहुतेकांची चूक इथे होते की ते वर्षागणिक एक ओळ धरतात: ‘२०१२ – ६ पदकं’. त्यातून पुढे काहीच वेगळं काढता येत नाही. एका पदकाला एक ओळ द्या. रकाने असे:

स्पर्धेचं अधिकृत वर्ष / प्रत्यक्ष वर्ष / शहर / खेळ / प्रकार (वजनगट किंवा अंतरासह) / खेळाडू किंवा संघ / पदक / वैयक्तिक, जोडी की संघ / शेरा.

‘अधिकृत’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन रकाने वेगळे हवेतच. टोकियो २०२० ची स्पर्धा २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाली. नीरज चोप्राच्या सुवर्णाची तारीख ७ ऑगस्ट २०२१ आणि स्पर्धेचं नाव ‘२०२०’, हे एकाच रकान्यात कोंबलं की तक्त्यातच दोन वर्षं दिसू लागतात.

ओळी भरून झाल्या की दोन बाजूंनी ताळा करा. आधी वर्षांनुसार:

१९००: २. १९२८, १९३२, १९३६, १९४८: प्रत्येकी १. १९५२: २. १९५६, १९६०, १९६४, १९६८, १९७२, १९८०: प्रत्येकी १. १९९६, २०००, २००४: प्रत्येकी १. २००८: ३. २०१२: ६. २०१६: २. २०२०: ७. २०२४: ६. बेरीज ४१.

मग खेळांनुसार: हॉकी १३, कुस्ती ८, नेमबाजी ७, अॅथलेटिक्स ४, बॅडमिंटन ३, बॉक्सिंग ३, वेटलिफ्टिंग २, टेनिस १. बेरीज ४१.

दोन्ही बेरजा जुळल्या तरच छपाईला द्या. एकीत ४१ आणि दुसरीत ४० आले तर बहुधा १९५२ सालची एक ओळ सुटलेली असते. त्या वर्षी हॉकीचं सुवर्ण आणि खाशाबा जाधवांचं कांस्य अशी दोन पदकं आहेत, पण १९२८ ते १९८० या पट्ट्यात ‘हॉकीचं एक’ असं भरत गेलेला हात तिथेही एकच लिहून पुढे सरकतो.

रिकामी वर्षंही दाखवा. १९२०, १९२४, १९७६, १९८४, १९८८ आणि १९९२ साली भारताचा संघ गेला होता, पदक मिळालं नाही. ती वर्षं गाळली तर भारत तेव्हा गेलाच नव्हता असा समज होतो. १९७६ च्या मॉन्ट्रियलला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. तोवर १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक होतं. हा खंड तक्त्यात नजरेला पडायलाच हवा.

---

जुनी पानं

प्रिचर्डबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रश्न तिथेच उठणार.

कोलकात्यात जन्मलेला हा धावपटू १९०० च्या पॅरिस स्पर्धेत पाच शर्यतींमध्ये उतरला आणि २०० मीटर व २०० मीटर अडथळा या दोन शर्यतींत दुसरा आला. पहिल्या शर्यतीत अमेरिकेचा ट्यूक्सबरी जिंकला, दुसरीत अमेरिकेचाच क्रेन्झलिन. तेव्हा राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनी संघ निवडून पाठवायचे ही पद्धतच नव्हती. खेळाडू स्वतःच्या किंवा क्लबच्या नावाने प्रवेश घेत. पॅरिसला जाण्याआधी प्रिचर्ड लंडनमध्ये ब्रिटिश अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत धावला होता, म्हणून काही इतिहासकार त्याला ब्रिटनच्या खात्यात टाकतात. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतही त्याच्यापुढे ब्रिटन लिहिलं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती मात्र ही दोन्ही पदकं भारताची मानते.

ताळेबंद यांनी ४१ सुचवलंय, त्याला माझी हरकत नाही. पण ‘भारताने १९०० साली पहिल्यांदा भाग घेतला’ असं वाक्य तक्त्यावर नको. तेव्हा भारताचा संघ नव्हता आणि निवडही झाली नव्हती. ‘१९००: नॉर्मन प्रिचर्ड, दोन रौप्य (ऑलिंपिक समितीच्या नोंदीनुसार भारत)’ एवढंच लिहा. निवड करून पाठवलेला पहिला भारतीय संघ १९२० च्या अँटवर्पचा. त्यामागे दोराबजी टाटा आणि पुण्याचं डेक्कन जिमखाना होतं. भारतीय ऑलिंपिक संघटना त्याहूनही नंतरची, १९२७ ची. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष.

स्वातंत्र्यपूर्व हॉकीबद्दलही एक खबरदारी घ्या. १९२८, १९३२ आणि १९३६ च्या संघांतले काही खेळाडू फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. अली दारा १९३६ ला भारताकडून सुवर्ण जिंकले आणि १९४८ ला पाकिस्तानचे कर्णधार होते. उलट लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे १९४८ ला भारताचे सुवर्णविजेते आणि १९५६ ला पाकिस्तानचे रौप्यविजेते. खेळाडूच्या नावापुढे देश लिहिताना ‘त्या स्पर्धेत कोणाकडून’ हे धरा, जन्मगाव धरू नका.

आणखी एक: १९३२ च्या लॉस एंजेलिसला हॉकीत तीनच संघ होते, भारत, जपान आणि अमेरिका. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ हरवलं. १९८० च्या मॉस्कोला बहिष्कारामुळे सहा संघ उरले आणि अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ हरवलं. शेऱ्यात संघांची संख्या दिली म्हणून सुवर्ण कमी होत नाही, पण १९२८ ला एकही गोल न खाता मिळवलेलं पदक किंवा १९४८ ला वेम्बलीवर ब्रिटनला ४-० हरवून मिळवलेलं पदक वाचकाला नीट तोलता येतं.

---

वाचनकट्टा

दोघांचेही आभार. ‘एका पदकाला एक ओळ’ हे लगेच अमलात आणतो.

एक शंका. मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांच्या मिश्र सांघिक कांस्याला एक ओळ की दोन? आणि ‘स्वतंत्र भारताचं पहिलं पदक’ म्हणून खाशाबा जाधवांचं नाव सगळीकडे दिसतं, तसंच लिहू का?

---

ताळेबंद

एक ओळ. पदकतालिकेत जोडीला किंवा संघाला एकच पदक धरतात, मग हॉकीच्या संघात कितीही जण असोत. ‘पदक जिंकलेले भारतीय’ अशी यादी करायची असेल तर ती वेगळी करा. तिथे मनू भाकर एकदाच येईल, सरबजोतही येईल आणि हॉकीचे सगळे खेळाडू येतील. या दोन याद्यांची सरमिसळ झाली की बेरीज कधीच जुळत नाही.

खाशाबांबद्दल: स्वतंत्र भारताचं पहिलं पदक १९४८ च्या हॉकीचं. खाशाबांचं १९५२ चं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं *वैयक्तिक* पदक. तो एक शब्द गाळू नका. दुसरं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं टेनिसमधलं कांस्य. मधली ४४ वर्षं वैयक्तिक रकाना कोरा आहे.

१९५२ पासूनची वैयक्तिक पदकं २५, त्यात मनू-सरबजोत जोडीचं एक मिळवलं की २६, आणि १९४८ पासूनची हॉकीची १० मिळवली की ३६. हा तिसरा ताळा.

---

लाल माती

महाराष्ट्राच्या पट्टीसाठी.

१९२० च्या संघात चार धावपटू आणि दोन पैलवान होते आणि त्यात मराठी नावंच जास्त. फडेप्पा चौगुले (बेळगावचे, मॅरेथॉनमध्ये १९ वे), सदाशिव दातार, कैकाडी, आणि कुस्तीत कुमार नवले व रणधीर शिंदे. शिंदे फेदरवेट गटात कांस्याच्या लढतीपर्यंत पोचले, ब्रिटनच्या पैलवानाकडून हरले आणि चौथे आले. परदेशी नोंदींत त्यांचं नाव ‘शिंदेस’ आणि दातारांचं ‘सदाशीर’ असं पडलेलं आहे. तिथून जसंच्या तसं उतरवून घेऊ नका.

खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वर, ता. कराड. १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात सहावे, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट (५७ किलो) फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. त्यांच्या लढतींबद्दल एक गैरसमज दुरुस्त करण्यासारखा आहे. आजच्या सवयीने लोक लिहितात, ‘कांस्यपदकाची लढत जिंकली’. तेव्हा कांस्यासाठी वेगळी लढत आणि रेपेचाज (हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी) नव्हतं. प्रत्येक लढतीनंतर निकालानुसार दोषांक मिळत, ठरावीक दोषांक झाले की पैलवान बाद, आणि शेवटी उरलेल्या तिघांत पदकं ठरत. खाशाबांनी कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं, मग जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा ममादबेयोव यांच्याकडून हरले. इशी सुवर्ण, ममादबेयोव रौप्य, खाशाबा कांस्य. शेवटच्या दोन्ही लढती हरूनही पदक कसं, हे त्या पद्धतीशिवाय कळत नाही.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२४, स्वप्नील कुसाळे, कांबळवाडी, जि. कोल्हापूर, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह तिसरा. इथेही एक खाचखळगा आहे. रौप्यविजेत्या युक्रेनच्या कुलिशचे गुण ४६१.३, म्हणजे स्वप्नील दहा गुणांनी मागे राहिला असं वाटतं. प्रत्यक्षात या प्रकारात तेव्हा अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून १५, पालथं पडून १५ आणि उभ्याने १० गोळ्या झाल्या की तळाचे दोघे बाद होत, मग प्रत्येक गोळीनंतर एकेक. तिसरा नेमबाज ४४ व्या गोळीनंतर थांबे, पहिले दोघे ४५ वी झाडत. एका गोळीचे दहाच्या आसपास गुण असतात, म्हणजे मोठा फरक तिथेच आला. गुण छापणार असाल तर गोळ्यांची संख्याही छापा, नाहीतर पोराची कामगिरी उगाच फिकी दिसेल.

मुरलीकांत पेटकर यांचं नाव या पट्टीत हवंच: १९७२, हायडेलबर्ग पॅरालिंपिक, ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरण, सुवर्ण, ३७.३३ सेकंद. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं पदक. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून वैयक्तिक सुवर्णही हेच पहिलं, अभिनव बिंद्राच्या २००८ च्या सुवर्णाआधी ३६ वर्षं. पॅरालिंपिक वेगळ्या तक्त्यात टाकणार असाल तरी ही ओळ महाराष्ट्राच्या पट्टीतून काढू नका.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ ला बर्लिनमध्ये देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली होती. ती शेऱ्यात चालेल, पदकांच्या ओळीत नको.

---

दुसरी यादी

प्रश्न ३ चं उत्तर राहिलं. एकाच तक्त्यात घेऊ नका. चार स्पर्धांतल्या पदकांची एकत्र बेरीज करून काहीच कळत नाही. वेगळे छोटे तक्ते करा, आणि त्यांत अडखळायच्या जागा या:

राष्ट्रकुल: स्पर्धेचं नाव तीनदा बदललं. १९३० ते १९५० ब्रिटिश एम्पायर गेम्स, १९५४ ते १९६६ ब्रिटिश एम्पायर अँड कॉमनवेल्थ गेम्स, १९७० आणि १९७४ ब्रिटिश कॉमनवेल्थ गेम्स, १९७८ पासून आजचं नाव. भारत १९३४ ला पहिल्यांदा गेला आणि रशीद अन्वरने कुस्तीत कांस्य आणलं. १९३०, १९५०, १९६२ आणि १९८६ ला भारत नव्हता. पहिली सुवर्णपदकं १९५८ च्या कार्डिफची: ४४० यार्डांत मिल्खा सिंग आणि कुस्तीत लीला राम. तिथे ‘४०० मीटर’ लिहू नका, शर्यत यार्डांची होती. सर्वाधिक पदकं २०१० च्या दिल्लीत: ३८, २७, ३६, एकूण १०१.

आशियाई: पहिली स्पर्धा मार्च १९५१, दिल्ली. भारताला १५ सुवर्णांसह ५१ पदकं, पहिलं सुवर्ण सचिन नाग यांचं १०० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात. १९३४ ला दिल्लीत ‘वेस्टर्न एशियाटिक गेम्स’ झाले होते, ते यात मोजत नाहीत. १९९० च्या बीजिंगला एकच सुवर्ण, कबड्डीचं. हांगझोऊ २०२२ प्रत्यक्षात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. समारोपाच्या दिवशी २८, ३८, ४१, एकूण १०७.

सगळ्यात जास्त फसवतो तो २०१८ चा जकार्ताचा आकडा. स्पर्धा संपली तेव्हा १५, २४, ३० असे ६९ होते. बहारीनची केमी अदेकोया उत्तेजक चाचणीत दोषी ठरली, त्यामुळे ४ x ४०० मिश्र रिले संघाचं रौप्य सुवर्ण झालं आणि ४०० मीटर अडथळा शर्यतीत चौथी आलेल्या अनू राघवनला कांस्य मिळालं. म्हणून आता १६, २३, ३१, एकूण ७०. स्पर्धा संपल्यावर लगेच छापलेल्या पुस्तकात ६९ असणार, नंतरच्या नोंदीत ७०. तक्त्याखाली ‘अमुक महिन्यापर्यंतची नोंद’ असं लिहायची सवय याचसाठी लावून घ्यावी.

पॅरालिंपिक: २०२४ अखेर १६ सुवर्ण, २१ रौप्य, २३ कांस्य, एकूण ६०. त्यातली टोकियोची १९ आणि पॅरिसची २९, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या वर्षांची मिळून १२.

---

वाचनकट्टा

शेवटचं एक. योगेश्वर दत्तचं २०१२ चं पदक रौप्य झालं असं २०१६ च्या बातम्यांत वाचलं. मग १० रौप्य की ११? आणि विनेश फोगाटची ओळ कशी लिहावी?

---

ताळेबंद

योगेश्वरचं पदक कांस्यच. त्या ६० किलो गटातला रौप्यविजेता रशियाचा बेसिक कुदुखोव याच्या उत्तेजक चाचणीच्या जुन्या नमुन्यावरून ती बातमी उठली होती. पण तो २०१३ साली अपघातात वारला होता आणि ऑलिंपिक समितीने कारवाई पुढे न नेता निकाल कायम ठेवला. टोकियोनंतर ‘मीराबाई चानूला सुवर्ण मिळणार’ अशीही बातमी फिरली होती, तिचंही रौप्य तसंच आहे. नियम सोपा ठेवा: अधिकृत निकाल बदलेपर्यंत ओळ बदलायची नाही.

विनेशची ओळ पदकांत येत नाही, शेऱ्यात येते. ५० किलो गटात ६ ऑगस्ट २०२४ ला तिने तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. पहिल्या लढतीत तिने गतविजेत्या जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. अंतिम लढत दुसऱ्या दिवशी असल्याने सकाळी पुन्हा वजन झालं आणि १०० ग्रॅम जास्त भरलं. तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या वजनात नापास झालेला मल्ल संपूर्ण स्पर्धेतून बाद होत असे आणि क्रमवारीत शेवटी जात असे, म्हणून रौप्यही नाही. उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्यूबाची गुझमान अंतिम लढतीत गेली. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला विनेशचा अर्ज फेटाळला. हे सगळं शेऱ्यात लिहाच, जागा कमी पडली तर दुसरं काही कापा. तिच्या तीन लढती झाल्याच नाहीत असं तक्त्यावरून दिसता कामा नये.

---

जुनी पानं

हिवाळी ऑलिंपिकची पट्टी करणार असाल तर पहिली नोंद १९६४ इन्सब्रुक, स्कीइंग, जेरेमी बुजाकोव्स्की. आणि २०१४ च्या सोचीत जपून. डिसेंबर २०१२ पासून भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, त्यामुळे ७ फेब्रुवारीच्या उद्घाटनाला तिघे भारतीय खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. निलंबन ११ फेब्रुवारीला उठलं. शिवा केशवनची ल्यूज (बर्फावरच्या घसरगाडीची) स्पर्धा ८ आणि ९ तारखेची, म्हणजे त्याची नोंद ‘स्वतंत्र सहभागी’. नदीम इक्बाल आणि हिमांशू ठाकूर यांच्या शर्यती त्यानंतरच्या, म्हणून त्या भारताच्या नावावर. एकाच स्पर्धेत, एकाच चमूच्या दोन वेगळ्या नोंदी, आणि दोन्ही बरोबर. ध्वजाचा रकाना ठेवलात तर तिथे केशवनपुढे तिरंगा छापू नका.